महाविद्यालय हे कुटुंब नव्हे

गोव्यातील लहान महाविद्यालयांत स्वागत समारंभापासून निरोप समारंभापर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडते: आपण सगळे एकाच कुटुंबातले आहोत. ते प्राचार्य म्हणतात, संस्थेचे अध्यक्ष म्हणतात आणि माजी विद्यार्थी तर गळा दाटून म्हणतात. हे वाक्य अगदीच पोकळ असते असे नाही. पाचशे-सहाशे मुलांच्या महाविद्यालयात शिक्षकाला विद्यार्थ्याचे नावच नव्हे, तर त्याचा वाडाही ठाऊक असतो. सलग चार दिवस कोणी दिसले नाही तर चौकशी होते. परीक्षेची फी भरण्याची तारीख उलटत असताना एखादे सर कोणाला न सांगता स्वतःच्या खिशात हात घालतात. मोठ्या शहरातील हजारोंच्या महाविद्यालयात हे घडणे कठीण. तरीही ज्या संस्थेला स्वतःला पुरोगामी म्हणवून घ्यायचे आहे, तिने हे वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मला वाटते. लहान संस्थेतील घरोबा आणि सामाजिक न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा पहिली गोष्ट दुसरीच्या वाटेत उभी राहते. न्याय किती आहे हे पाहायचे असेल, तर भाषणे बाजूला ठेवून वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि लेखी नियम चाळावे लागतात.

सामुदायिक जीवनाची वाण गोव्याला कधीच नव्हती. गावची जमीन सामायिक ठेवणारी, बांध राखणारी, शेते लिलावाने कसायला देणारी गावकरी पोर्तुगीज येण्याआधीपासून चालत आलेली आहे; 1526 च्या फोरालने, म्हणजे पोर्तुगीज सनदेने, तिचे रिवाज कागदावर उतरवले, आणि कोमुनिदाद या नावाने ती आजही उभी आहे. पण या व्यवस्थेत गावकर म्हणजे मूळ पुरुषाचा पुरुष वंशज. घरातल्या मुलीला त्यात जागा नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात घाम गाळलेल्या इतरांनाही नव्हती. देवळांच्या महाजनकीचे सूत्र याहून फारसे निराळे नाही: उत्सव साऱ्या गावाचा, मान मात्र ठराविक घराण्यांचा. पालखीपुढे कोणी चालायचे, ढोल कोणी वाजवायचा आणि प्रसाद कोणाला आधी मिळायचा हे ठरलेले असे, आणि सगळे मिळून उत्सव उत्तम पारही पडत असे. माणसे एकत्र असणे आणि माणसे समान असणे यांतले अंतर गोमंतकीयाला कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा; या दोघांचे नाते तर या बाबतीत फारच बोलके आहे. मुंडकार हा आमच्या घरचाच, असे भाटकार म्हणत असे, आणि अनेकदा ते मनापासून म्हणत असे. चतुर्थीला त्याच्याकडे माटोळीचे सामान पोचे, आजारपणात औषधपाणी होई, त्याच्या मुलीच्या लग्नात भाटकारीण जातीने उभी राही. परंतु ज्या खोपीत तो तीन-तीन पिढ्या राहिला, तिथून उठवले जाणार नाही याची हमी त्याला या आपुलकीने दिली नाही. ती 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याने दिली. शेत कसणाऱ्या कुळासाठीही त्याआधी 1964 चा कायदा करावा लागला होता. आपुलकी मालकाच्या मर्जीवर असते; मर्जी फिरली की दाद कुठे मागायची, या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नसते. महाविद्यालयांतील घरोब्याकडे मी याच इतिहासातून पाहतो, आणि त्यामुळे कदाचित जरा जास्तच साशंकतेने पाहतो.

आता महाविद्यालयांत कोण येते ते पाहू. 1961 पूर्वी वैद्यकीय शाळा सोडली तर उच्च शिक्षणासाठी गोमंतकीयाला मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड किंवा थेट लिस्बन गाठावे लागे, आणि तेवढे अंतर तोडण्याची ऐपत मोजक्या घरांत होती. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाल्यावर 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले. पुढे केपे, साखळी, पेडणे, खांडोळा येथील सरकारी महाविद्यालयांनी पदवीचे शिक्षण तालुक्यांच्या दारात आणले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांतून जी पिढी पहिल्यांदा अक्षर शिकली, तिची नातवंडे आज या वर्गांत बसतात. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश 2003 मध्ये झाला. 2011 च्या जनगणनेप्रमाणे राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण 10.2 टक्के आहे. यादीत नाव आले म्हणजे हक्क हातात पडले असे नव्हे. ते हक्क मिळावेत म्हणून 25 मे 2011 रोजी बाळ्ळीला आंदोलन झाले आणि त्या दिवशी दोन आदिवासी तरुणांना प्राण गमवावे लागले. धनगर समाज तर अजून यादीच्या बाहेरच ताटकळत आहे. तात्पर्य, केपे किंवा काणकोणच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचणारी मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांना प्रवेश मिळतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची तयारी मी जवळून पाहिली आहे. त्या वर्षी कुणबी नृत्य बसवायचे ठरले. साड्या भाड्याने आणायच्या होत्या, त्यासाठी प्रत्येकी पैसे गोळा झाले, आणि तालमी तास संपल्यावर संध्याकाळी ठेवल्या. निवडलेल्या मुली बहुतेक मडगाव आणि आसपासच्या, स्वतःची स्कूटर असलेल्या. त्याच वर्गात खोतीगावच्या बाजूने येणारी एक मुलगी होती. तिच्या घरातल्या बायका ती साडी रोजच्या वापरात नेसत, धालो या बायकांच्या लोकनृत्याच्या मांडावरची गाणी तिला तोंडपाठ होती, आणि गाण्यातले दोन शब्द कोणालाच नीट लागेनात तेव्हा ते तिलाच विचारण्यात आले. तिने सांगितले. ती नृत्यात मात्र नव्हती, कारण तालीम संपेपर्यंत तिची शेवटची बस निघून गेलेली असे. संमेलनाच्या दिवशी ती पाहुण्यांना पाणी देणाऱ्या स्वयंसेवकांत होती. नृत्याला टाळ्या भरपूर पडल्या आणि सूत्रसंचालकाने आपल्या मातीच्या संस्कृतीविषयी चार वाक्ये म्हटली.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. शिक्षिका मनमिळाऊ होत्या, मुलींनी त्या मुलीला कधी टाकून बोलल्याचे मी ऐकले नाही, आणि विचारले असते तर साऱ्यांनी एकमुखाने सांगितले असते की आमच्याकडे भेदभाव नाही. म्हणूनच हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. तिथे जात कोणी काढली नाही, वेळापत्रकाने ते काम परस्पर केले. तालीम दुपारच्या सुट्टीत किंवा शनिवारी सकाळी ठेवली असती आणि साड्यांचा खर्च संमेलनाच्या निधीतून झाला असता, तर निकाल वेगळा लागला असता. त्यासाठी कोणाचे हृदयपरिवर्तन व्हायला नको होते. बसचे वेळापत्रक प्राचार्यांच्या टेबलावर असते तरी पुरे होते. बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून 1978-79 मध्ये गोव्याचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि त्या लढ्याने तेव्हाचे राजकारण ढवळून काढले होते. आज पास आहे. पण पासावर चढता येईल अशी बस मिळेल या बेताने महाविद्यालयाचा दिवस आखावा, हे अजून कोणाच्या कर्तव्यात धरले जात नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचेही असेच होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, सुरू झालेली ही योजना मुळात फार चांगली आहे. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करावे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर व्हावे ही कल्पना शहरी मुलाला घराबाहेर काढते. पण गोव्यासारख्या इवल्याशा राज्यात ते दत्तक गाव पुष्कळदा वर्गातल्याच कोणाचे तरी गाव असते. मग स्वच्छतेचे महत्त्व सांगणारे फलक घेऊन वर्गमित्र ज्या वाड्यातून फेरी काढतात, त्याच वाड्यातल्या एका घराच्या दारात त्यांचा सहाध्यायी उभा असतो. त्याच्या वाड्यावर उन्हाळ्यात नळाला पाणी का येत नाही, खाण बंद पडल्यावर घरातला ट्रक का विकावा लागला, काजूच्या बागायतीची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे प्रश्न शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतात. ते सांगू शकणारा मुलगा वर्गातच असतो. त्याला शिबिराचा आराखडा करायला बसवले, तर हीच योजना दानधर्म न राहता अभ्यास होईल. एवढे करायला सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. (झाडू हातात घेतलेल्यांची छायाचित्रे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत शोभून दिसतात, ही अडचण मात्र खरी आहे.)

भाषेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण गोव्यात या विषयाला तोंड फुटले की बाकी सगळे बाजूला पडते. मराठी की कोकणी हा वाद आम्ही साठ वर्षे घातला. महाविद्यालयाच्या वर्गात मात्र दोन्ही बाजूंची मुले इंग्रजीपुढे सारखीच गप्प बसतात. सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोकणीतून शिकून आलेले मूल उत्तर येत असूनही हात वर करत नाही, आणि चर्चेत जो बोलतो त्याला हुशार समजले जाते. चर्चा मुलांच्या भाषेत होऊ देण्यास, लेखी उत्तरापूर्वी तोंडी उत्तर कोकणी-मराठीत घेण्यास, कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

आता संस्थेच्या लहान असण्याच्या सर्वांत अवघड अंगाकडे येतो, ते म्हणजे तक्रार. गोव्यात दोन अनोळखी माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला गाव निघते, चौथ्याला घर. आडनाव आणि गाव कळले की समोरच्याला जात कळते. विचारावी लागत नाही. अशा जागी ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो शिक्षक वडिलांच्या ओळखीचा निघतो, लिपिक मामाचा शेजारी असतो, आणि समितीच्या अध्यक्षा ज्या देवळाच्या उत्सवात मिरवतात तिथेच आपली आई सेवेला जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्ये समतेविषयी नियम करून प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा हवा असे ठरवले. रॅगिंगविरुद्धचे नियम 2009 पासून आहेतच. कागदावर कमतरता काहीच नाही. पण लहान महाविद्यालयात शिक्षक किती, तर चाळीस. त्यांतले कायम किती, ते विचारू नये. त्यामुळे त्याच पाच-सहा वरिष्ठांची नावे साऱ्या समित्यांत आलटून पालटून फिरतात. वर्षाअखेर अहवालात ‘एकही तक्रार आली नाही’ असे लिहिले जाते आणि ते अभिमानाने वाचले जाते. पाचशे तरुण माणसे वर्षभर एकत्र वावरली आणि कोणाला कशाचीच तक्रार नव्हती, हे विधान वाचून खरे तर प्राचार्यांची झोप उडायला हवी.

तक्रारदाराला जे सांगितले जाते ते आपणा सर्वांना पाठ आहे. घरातली गोष्ट घरातच मिटवू. त्याचे भविष्य आहे, तुझेही आहे. सर तुला मुलीसारखे मानतात. कुटुंबाची भाषा इथे नेमके कोणते काम करते ते पाहावे: ती दोन असमान पक्षांतल्या तंट्याला नात्यातला रुसवा बनवते, आणि रुसव्यात नमते घेण्याची जबाबदारी लहानावर येते. लेखी अर्ज करणे म्हणजे घर फोडणे असे वातावरण एकदा तयार झाले, की नियम असून नसल्यासारखे होतात. त्यामुळे लहान संस्थेला मोठ्या संस्थेपेक्षा कडक कार्यपद्धतीची गरज अधिक असते, कमी नव्हे. शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयांनी आपसांत करार करून एकमेकांच्या समित्यांवर सदस्य पाठवावेत, समितीचे निम्मे सदस्य दरवर्षी बदलावेत, आणि नावे न सांगता किती तक्रारी आल्या, किती दिवसांत काय निर्णय झाला, याचा हिशेब वर्षातून एकदा सूचना फलकावर लावावा. गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला काही तासांत जाता येते. बाहेरचा सदस्य मिळत नाही ही सबब येथे तरी चालण्यासारखी नाही.

न्यायाचा विचार करून उभारलेल्या लहान महाविद्यालयांची उदाहरणे जगात आहेत, आणि त्यांच्या यशाइतक्याच त्यांच्या ठेचाही पाहण्यासारख्या आहेत. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बेरिया ही संस्था गुलामगिरीच्या विरोधकांनी 1855 मध्ये सुरू केली. यादवी युद्धानंतर तिथे काळी आणि गोरी मुले एका वर्गात शिकू लागली. 1904 मध्ये राज्याने कायदा करून हे सहशिक्षण बंद पाडले आणि 1908 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. 1950 मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे काळ्या विद्यार्थ्यांना पुन्हा दार उघडले. ही संस्था 1892 पासून शिकवणी शुल्क घेत नाही, आणि प्रत्येक विद्यार्थी, मग तो कोणीही असो, आठवड्याला किमान 10 तास संस्थेचे काम करतो. ओहायोतील अँटिऑक महाविद्यालयात विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांनी एकत्र बसून कारभार पाहण्याची परंपरा होती. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने आणले गेले. पण त्यांना मिळणारी आर्थिक मदत पुढे चालू राहील याची हमी देण्याची वेळ आली तेव्हा 1973 मध्ये दीर्घ संप झाला, आणि त्यातून संस्थेला सावरायला फार काळ लागला. पैशाच्याच ओढाताणीने 2008 मध्ये ती बंद पडली आणि 2011 मध्ये पुन्हा उघडली. उत्साहाने दार उघडणे आणि आत आलेल्याचा खर्च शेवटपर्यंत उचलणे यांतला फरक अँटिऑकला फार महागात पडला.

आपल्या बाजूला भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले, तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामे वाटून करत. कमवा आणि शिका हे पुढे योजनेचे नाव झाले आणि आता ती योजना ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारण्यापुरती उरली आहे, शिवाय ती फक्त गरिबांसाठी आहे. मूळ कल्पनेतला जीव इथेच गेला. भाऊरावांच्या वसतिगृहात आणि बेरियात काम सगळ्यांना होते, म्हणून कामाला हीनपणा चिकटला नाही. केवळ गरजूंना झाडू दिला, तर वर्गातली उतरंड परिसरातही उमटते.

गोव्यातील महाविद्यालयांत झाडलोट आणि शौचालयांची सफाई आता बहुधा कंत्राटदाराकडे असते. सकाळी आठ वाजता येणाऱ्या त्या बाईचे नाव तीन वर्षांत किती विद्यार्थ्यांना कळते? ती या कुटुंबात धरली जाते का? तीच गत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांची. सामाजिक न्यायाचा धडा जो शिकवतो त्याला मे महिन्याचा पगार नसतो, पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही ते ठाऊक नसते, आणि म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहण्याची इच्छा असूनही तो सही करायला कचरतो. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका शक्य तो बिनविरोध व्हाव्यात यासाठी शिक्षकच मध्यस्थी करतात, आणि तेही एकोपा टिकावा म्हणूनच. ज्या संस्थेत मतभेद व्यक्त करणाऱ्याची नोकरी, गुण किंवा इभ्रत पणाला लागते, तिथल्या एकोप्याची किंमत कोणीतरी मोजत असतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. सगळेच नियमांत बांधले, तर लहान महाविद्यालयाचा ओलावा आटेल. शिक्षक मुलाच्या घरी जायला घाबरतील, खिशात हात घालणारे सर आधी परिपत्रक शोधतील, आणि मोठ्या शहरातील कोरडेपणाच आपल्या वाट्याला येईल, असे हे म्हणणे. अंतर्गत समित्यांचा धाक वैयक्तिक हेवेदाव्यांसाठी वापरला गेल्याचीही उदाहरणे असतात. तरीही ज्यांना ओलाव्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांना तो मिळेलच याची खात्री आजही नाही. तो बहुधा मनमोकळ्या, लाघवी, शिक्षकांशी सहज बोलू शकणाऱ्या मुलांना मिळतो, आणि ही सहजता घरातून येते. फी भरायला मदत करणाऱ्या सरांविषयी मला आदर आहे. पण मदत मागायला न धजणारी मुलगी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तीच मदत विद्यार्थी साहाय्य निधीतून, अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत, कारण विचारून अपमान न करता मिळाली, तर सरांचा चांगुलपणा कमी होणार नाही. फक्त तो नशिबावर अवलंबून राहणार नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. आदिवासी कल्याण खात्याच्या शिष्यवृत्त्या आहेत, इतर मागासवर्गीयांसाठीच्या आहेत. मात्र रक्कम हाती पडेपर्यंत वर्ष सरते ही तक्रार जुनी आहे, आणि मधल्या काळात सहलीचे, प्रात्यक्षिकाच्या वहीचे, संमेलनाच्या वेशभूषेचे, प्रकल्पाच्या छपाईचे पैसे घरातून काढावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि प्रशिक्षणार्थी म्हणून बाहेरचे काम आणले आहे. काणकोणच्या मुलाने वेर्ण्याच्या कारखान्यात असे काम करायचे तर रोजचा प्रवास कोण सोसणार, हे धोरणात लिहिलेले नाही. असे प्रत्येक छोटे शुल्क वेगळे मागण्याऐवजी जूनमध्ये एकत्र जाहीर करावे, शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून ते रक्कम जमा झाल्यावरच घ्यावे, आणि गुणांशी जोडलेला कोणताही उपक्रम शेवटच्या बसच्या पलीकडे जाऊ नये, असा ठराव स्थानिक व्यवस्थापन समिती एका बैठकीत करू शकते. त्या बैठकीला विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी मताधिकारासह बसावा, तासिका तत्त्वावरचा एक शिक्षक बसावा आणि सफाई कामगारांपैकी एक बसावा, आणि बैठकीचे इतिवृत्त कोकणी-मराठीत लिहून वाचनालयात ठेवावे.